पाणी तापलं की माशांचं घर कुठे जातं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशावर नदी होती तिथेच असते. तळंही दिसतं, पाणीही दिसतं. तरी त्या पाण्यातला माशाला राहता येईल असा भाग उन्हाळ्यागणिक आक्रसत जातो, आणि काठावरून ते कळतच नाही. गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते बहुतेक इथून सुरू होतात. खाली सगळीकडे तापमान सेल्सिअसमध्ये दिलं आहे.

हवा जेवढी तापते तेवढंच पाणीही तापतं का?

नाही, आणि सगळीकडे सारखं तर मुळीच नाही. नद्यांसाठी ढोबळ ठोकताळा असा, की हवा सरासरी १ अंशाने वाढली तर पाणी साधारण ०.६ ते ०.८ अंशाने वाढतं. पण ज्या ओढ्याला जमिनीखालच्या झऱ्यांचं पाणी मिळतं तो त्याहून बराच कमी तापतो. उथळ, संथ आणि उघड्या काठांचा प्रवाह मात्र बघता बघता तापतो. तळ्यांचं म्हणाल, तर जगभरातल्या २३५ तळ्यांच्या १९८५ ते २००९ या काळातल्या नोंदी एकत्र करणारा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं पाणी दर दशकाला सरासरी ०.३४ अंशाने तापताना दिसलं. पूर्वी हिवाळ्यात गोठून राहणारी आणि आता बर्फ लवकर गमावणारी कित्येक तळी यात पुढे आहेत.

सरासरीवर मी स्वतः फार विसंबत नाही. माशाला वर्षाची सरासरी कधीच भेटत नाही. प्रवाह आटलेला, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असा एखादा आठवडा त्याला भेटतो, आणि तेवढा पुरतो.

याला फक्त हवामानबदलच कारणीभूत आहे का?

नाही. काठावरची झाडं तोडली की ऊन थेट पाण्यावर पडतं. भूजल उपसलं की थंड झरे आटतात. पाणी वळवलं की उरलेला प्रवाह उथळ होऊन लवकर तापतो. वीजकेंद्रं थंडाव्यासाठी नदीचं पाणी घेतात आणि कोमट करून परत सोडतात. तापलेल्या डांबरी रस्त्यांवर उन्हाळी सर पडली की ते गरम पाणी गटारातून थेट ओढ्यात उतरतं, आणि छोट्या ओढ्याचं तापमान तासाभरात काही अंशांनी उडी मारू शकतं. हवामानबदल या सगळ्यात भर घालतो. म्हणजे चिंता दुप्पट आहे. पण यातली बरीच कारणं स्थानिक असल्यामुळे करण्यासारखंही बरंच उरतं.

एक-दोन अंशांनी माशाला असा काय फरक पडतो? आपल्याला तर जाणवतही नाही.

आपलं शरीर आपलं तापमान धरून ठेवतं. माशाचं शरीर, अगदी थोडे अपवाद सोडले तर, भोवतालच्या पाण्याच्या तापमानाला असतं. पाणी १० अंशांनी वाढलं की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे नुसतं जिवंत राहायलाच जास्त ऑक्सिजन आणि जास्त अन्न लागतं.

नेमक्या त्याच वेळी पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला हवेशी पूर्ण समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात १० अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना ७.६. मुळात एक लिटर हवेत जेवढा ऑक्सिजन असतो त्याचा जेमतेम तिसावा हिस्सा एक लिटर पाण्यात असतो. त्यामुळे मासा तसाही काटकसरीतच जगतो. पाणी तापलं की खर्च वाढतो आणि आवक घटते.

कॅनडाचे शास्त्रज्ञ एफ. ई. जे. फ्राय यांनी १९४७ मध्ये हे फार नेटकेपणाने मांडलं. मासा जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतो, आणि स्वस्थ पडून राहायला त्याला किती लागतो, यांतला फरक मोजा. पोहणं, शिकार टाळणं, खाल्लेलं पचवणं, वाढणं, अंडी तयार करणं, हे सगळं त्या शिलकीतून चालतं. तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की शिल्लक झपाट्याने आटते. तेव्हा मासा मेलेला नसतो, पाण्यात दिसतोही, पण त्याच्या हातात जगण्यापलीकडे काही उरलेलं नसतं. म्हणून ‘अमुक मासा किती अंशांना मरतो’ या प्रश्नाचं उत्तर ऐकून निर्धास्त होऊ नये. मासा मरायच्या कितीतरी आधी ते पाणी त्याच्या कामाचं राहिलेलं नसतं.

तळं खोल असेल तर मासे खाली थंडाव्याला जाऊ शकत नाहीत का?

जातात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

उन्हाळ्यात खोल तळ्याचे थर पडतात. वर हलकं, ऊबदार पाणी, आणि खाली जड, थंड पाणी. मध्ये एक पट्टा असतो, तिथे थोड्याशा खोलीतच तापमान झपकन उतरतं. तलावात सूर मारणाऱ्यांना तो अंगाला जाणवतो. हे थर एकमेकांत सहज मिसळत नाहीत. वरच्या थराला वाऱ्यातून आणि शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन मिळत राहतो. खालच्या थराला मात्र थर पडले त्या दिवशी जेवढी शिदोरी होती तेवढ्यावरच पुढचे महिने काढायचे असतात. वरून मेलेलं शेवाळ आणि काडीकचरा पडत राहतो, जिवाणू तो कुजवतात, आणि शिदोरी संपत जाते.

आता थंड पाण्यातल्या माशाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वर गेलं तर पाणी सोसवत नाही, खाली गेलं तर श्वास घेता येत नाही. राहायला जागा उरते ती मधल्या एका पट्ट्याची. थंड देशांतला उन्हाळा सरत ऑगस्ट येईतो वरून उष्णता खाली सरकते, खालून ऑक्सिजनची कमतरता वर सरकते, आणि पट्टा पातळ होत जातो. शास्त्रज्ञ चार्ल्स कूटंट यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या जलाशयांत स्ट्राइप्ड बास माशांबाबत ही कोंडी दाखवून दिली. मिनेसोटातल्या तळ्यांमध्ये सिस्को नावाचा थंड पाण्यातला मासा आहे. २००६ च्या कडक उन्हाळ्यात तिथल्या अनेक तळ्यांत तो मरून तरंगला. त्या तळ्यांचं पाणी आटलं नव्हतं. आटला होता तो मधला पट्टा.

तापमानवाढीमुळे थर लवकर पडतात, उशिरा मोडतात आणि अधिक घट्ट बसतात. समशीतोष्ण प्रदेशातल्या जवळपास ४०० तळ्यांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० पासून पृष्ठभागाच्या पाण्यातला ऑक्सिजन सुमारे ५.५ टक्के, तर खोल पाण्यातला १८.६ टक्के घटल्याचं त्यात आढळलं. पृष्ठभागावरची घट बहुतेक करून साध्या भौतिक नियमाची आहे, गरम पाण्यात वायू कमी विरघळतो एवढीच. खालची घट मात्र थरांच्या या कोंडीतून आलेली आहे.

आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडते. तिथे खालच्या पाण्यातली पोषकद्रव्यं वर आली तरच प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं, आणि प्लवकावर किनाऱ्यावरच्या लोकांचे छोटे मासे जगतात. वरचा थर तापून घट्ट बसला की ही ढवळण मंदावते. तिथे मासे कमी झाल्याचा दोष सहसा अतिमासेमारीवर जातो, आणि मासेमारी निर्दोष आहे असं मीही म्हणणार नाही. पण सरोवराच्या तळातल्या गाळाचे थर तपासणाऱ्या २०१६ च्या अभ्यासात असं दिसलं, की माशांची घट मोठ्या व्यापारी मासेमारीच्या आधीच सुरू झाली होती.

एका रात्रीत तळ्यातले सगळे मासे मेले. कुणी विष टाकलं असेल का?

असूही शकतं, पण आधी हवामान तपासा. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. हिरव्यागार, ऊबदार तळ्यात सूर्योदयाच्या आधीचा तास सर्वांत धोक्याचा असतो. त्यातून आभाळ भरून आलं किंवा शेवाळ एकदम मेलं, तर ऑक्सिजनची आवक घटते, आणि गार वारा सुटून थर मोडले, तर खालचं ऑक्सिजन नसलेलं पाणी सगळ्या तळ्यात मिसळतं. ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदीवर मेनिंदी इथे २०१८ च्या डिसेंबरपासून जानेवारी २०१९ पर्यंत लाखो मासे मेले, त्यांत कित्येक दशकांचे मरे कॉडही होते. आटलेला प्रवाह, बंधाऱ्यांमागे साचून थर पडलेलं पाणी, त्यावर शेवाळाची साय, आणि मग हवा एकदम गार होणं, अशी ती साखळी होती. गारव्याने मासे मेले असं ऐकायला विचित्र वाटतं, पण हत्यार उन्हानेच तयार करून ठेवलं होतं.

ओळखण्याची एक खूण सांगतो. ऑक्सिजन संपतो तेव्हा मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, आणि सहसा मोठे मासे आधी मरतात. विषबाधेत दिवसाच्या कुठल्याही वेळी मासे मरू लागतात, आणि अनेकदा छोटे आधी जातात. खूण म्हणजे पुरावा नव्हे. शंका असेल तर पाण्याचा नमुना लगेच घेऊन ठेवा, नंतर हाती काही लागत नाही.

नदीत डोह असतात, झरे असतात. उन्हाळाभर मासे तिथे तग धरत नाहीत का?

धरतात. उन्हाळ्यातल्या नदीत उतरून चाललात तर पायाला अचानक गार धार लागते. तळातून वर येणाऱ्या भूजलाची ती जागा. भूजलाचं तापमान साधारण त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं असतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं. असे पाझर, थंड ओढ्यांची तोंडं, सावलीतले खोल डोह, इथे ट्राउट आणि सॅमन हे थंड पाण्यातले मासे अक्षरशः खांद्याला खांदा लावून उभे असतात. शरीराचा एक भाग गार धारेत आणि एक बाहेर, अशा दाटीत.

पण हा आसरा असतो, घर नव्हे. तिथे अन्न पुरत नाही आणि शिकारी पक्ष्यांना ती जागा ठाऊक असते. गर्दीत रोग पसरतो तो वेगळाच. २००२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या क्लॅमथ नदीत कमी, कोमट पाण्यात सॅमन दाटले, कल्ल्यांवर परजीवी आणि जिवाणूंचा संसर्ग पसरला, आणि काही दिवसांत ३०,००० हून अधिक मासे मेले. आसऱ्यापर्यंत पोहोचणंही गृहीत धरता येत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतली कोलंबिया नदी नेहमीपेक्षा फार लवकर तापली. समुद्रातून अंडी घालायला वर निघालेल्या सॉकाय सॅमनपैकी सुमारे अडीच लाख मासे वाटेतच मेले. त्यांचे थंड ओढे वरच्या अंगाला तसेच होते, फक्त तिथवरचा रस्ता बंद झाला होता.

२००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेत जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बोडन सरोवरातून ऱ्हाइन बाहेर पडते त्या पट्ट्यात पाणी २५ अंशांच्या वर गेलं, आणि सुमारे ५०,००० ग्रेलिंग मासे मेले. तेव्हापासून उन्हाळ्यात ओढ्यांच्या मुखाशी खोल, गार डबकी खणून ठेवण्याचा उपाय तिथे केला जातो. मला हा उपाय मनापासून आवडतो, कारण त्यात मासा कुठे जातो हे आधी बघितलं आहे आणि खोरं मग उचललं आहे.

अंडी आणि पिल्लांचं काय?

सर्वांत कमी सोसण्याची ताकद त्यांचीच असते. अंड्याला कल्ले नसतात, ते हलू शकत नाही, ऑक्सिजन कवचातून झिरपेल तेवढाच मिळतो. अंड्यांनी भरलेली मादीही तशीच, तिला स्वतःखेरीज त्या सगळ्या ओझ्यासाठी ऑक्सिजन पुरवायचा असतो. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातल्या ६९४ प्रजातींचा आढावा घेणाऱ्या २०२० मधल्या अभ्यासात दिसलं, की विणीला आलेले मासे आणि भ्रूण यांना सोसणारा तापमानाचा पट्टा एरवीच्या प्रौढ माशांपेक्षा कितीतरी अरुंद असतो. म्हणजे नदीत धडधाकट मोठे मासे दिसत असतानाही त्या नदीत नवी पिढी जन्माला येणं थांबलेलं असू शकतं. माझ्या मते लोकांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट हीच.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीत हिवाळी चिनूक सॅमन भर उन्हाळ्यात अंडी घालतात. त्यांचे मूळचे थंड ओढे शास्ता धरणाच्या पलीकडे अडकले आहेत. त्यामुळे धरणाच्या पोटातलं गार पाणी खाली सोडून त्यांची अंडी जगवावी लागतात. २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात गार पाण्याचा साठा पुरला नाही, आणि दोन्ही वर्षी त्या विणीतली सुमारे ९५ टक्के अंडी-पिल्लं गेली.

हिवाळा ऊबदार होणंही सगळ्यांना मानवत नाही. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवरातल्या यलो पर्च माशांवर २०१५ मध्ये आलेला अभ्यास सांगतो, की आखूड आणि कोमट हिवाळ्यानंतर माद्यांनी घातलेली अंडी लहान होती, त्यांत ऊर्जा कमी होती आणि त्यांतून पिल्लंही कमी निघाली. मादीच्या शरीरात अंडी नीट पोसली जायला थंडीचे ठरावीक दिवस लागतात.

काही माशांत तर पिल्लू नर होणार की मादी, हेही पाणी ठरवतं. अर्जेंटिनातल्या पेहेरे माशाची पिल्लं १७ अंशांना वाढवली तर सगळ्या माद्या होतात, २९ अंशांना वाढवली तर सगळे नर.

उलट दिशेचा बदलही होतो. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेने गंगेच्या खोऱ्यात नोंदवलं आहे, की रोहू-कटल्यासारखे कार्प मासे पूर्वीपेक्षा लवकर, मार्चमध्येच विणीला तयार होऊ लागले. मत्स्यबीज तयार करणाऱ्या केंद्रासाठी ही चांगली बातमी वाटते, हंगाम लांबतो. पण नदीत पुराचं पाणी आपल्या वेळेलाच येतं. अंगात अंडी तयार आणि प्रवाह अजून कोरडा, असं झालं तर ती घाई वाया जाते.

उष्ण प्रदेशातल्या माशांना तर गरम पाण्याची सवयच असते ना?

सवय असते, पण जादा वाव नसतो. समशीतोष्ण प्रदेशातल्या माशाने वर्षभरात थंडगार ते कोमट असं सगळं पाहिलेलं असतं. विषुववृत्ताजवळच्या माशाने फारच थोडा चढउतार पाहिलेला असतो, आणि तो बहुधा आपल्या वरच्या मर्यादेजवळच राहत असतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या टेफे तलावात २०२३ च्या दुष्काळात पाणी ४० अंशांच्या वर गेलं. तिथे नदीतले डॉल्फिन शेकड्याने मेले म्हणून जगाचं लक्ष गेलं. ते मासे नव्हेत, हवेत श्वास घेणारे सस्तन प्राणी आहेत. त्यांचीही ही गत झाली, यावरून बाकीचा अंदाज करावा.

चिवट मासे आहेत. मरळ, शिंगी, मागूर हे हवेतून थेट ऑक्सिजन घेऊ शकतात, त्यामुळे पाण्यातल्या टंचाईवर त्यांनी अर्धा तोडगा काढलेला आहे. नेवाडाच्या वाळवंटातल्या डेव्हिल्स होल या कुंडात एक पपफिश सुमारे ३३ अंशांच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. पण तोही अंडी घालतो ती पृष्ठभागाजवळच्या एका उथळ खडकावर, आणि वरच्या हवेबरोबर तापते ती नेमकी तीच जागा.

मासे जुळवून घेणार नाहीत का?

थोडंफार घेतात. काही आठवड्यांत पाणी हळूहळू तापलं तर माशाची सोसण्याची मर्यादा एखाद-दोन अंशांनी सरकते. पिढ्यांच्या हिशेबातही बदल होतो. कॅनडाच्या फ्रेझर नदीतल्या सॉकाय सॅमनचे वेगवेगळे गट आहेत. ज्या गटाचा प्रवास लांबचा आणि खडतर, त्याचं हृदय अधिक दणकट असल्याचं २०११ च्या अभ्यासात दिसलं. प्रत्येक गट आपल्या वाटेच्या जुन्या तापमानाला बेतलेला होता. हे घडायला फार पिढ्या लागल्या, आत्ताचा बदल काही दशकांचा आहे.

दुसरा मार्ग म्हणजे जागा बदलणं. पक्षी उडून डोंगर ओलांडतो. मासा आपल्या खोऱ्याबाहेर जाऊ शकत नाही. वरच्या अंगाला जायचं तर वाटेत धरण, बंधारा, रस्त्याखालचा उंच बसवलेला पाइप. हे सगळं पार केलं तरी वर प्रवाह निमुळता होत जातो, आणि उगमाच्या पुढे तर नदीच नसते.

काही माशांचं यात फावत असेल ना?

हो. सायप्रिनस (कॉमन कार्प), तिलापिया, बास अशा ऊबदार पाण्यातल्या माशांची व्याप्ती वाढते. पण ते रिकाम्या घरात येत नाहीत, आधीच्या रहिवाशांची पिल्लं खाऊन जागा करतात. एकूण वजन तेवढंच भरेल, प्रजाती मात्र कमी होतील.

तापलेल्या पाण्यात रोग वाढतात का?

पुष्कळ वाढतात, कारण परजीवी आणि जिवाणू यांचीही वाढ वेगाने होते आणि थकलेल्या माशाची प्रतिकारशक्ती घटलेली असते. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन नदीत मूत्रपिंडाला सूज आणणाऱ्या एका परजीवीमुळे व्हाइटफिश हजारोंनी मेले, आणि माँटाना राज्याने नदीचा जवळपास ३०० किलोमीटरचा पट्टा काही काळ सगळ्यांना बंद केला. हा आजार पाणी १५ अंशांच्या वर गेलं की उग्र होतो.

याला जोडून अमोनियाचं सांगायला हवं. पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग तापमानाबरोबर वाढतो. सामू (पीएच) ८ असेल तर २० अंशांवरून ३० अंशांवर जाताना तो जवळपास दुप्पट होतो, पाण्यात नवीन घाण एक थेंबही आलेली नसताना.

मासे आकाराने लहान होत आहेत हे खरं आहे का?

अनेक ठिकाणी तसं दिसतं. ऊबदार पाण्यात मासे लवकर वयात येतात आणि लहान आकारावर थांबतात. कारण काय, यावर मात्र शास्त्रज्ञांत जुंपलेली आहे. शरीराच्या मानाने कल्ले अपुरे पडतात म्हणून, असं एक गट म्हणतो, आणि शरीरक्रियेचे अभ्यासक ते मान्य करत नाहीत. मोठे मासे आपणच आधी पकडतो, हेही विसरू नये.

एकंदर किती प्रजातींना धोका आहे?

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने डिसेंबर २०२३ मध्ये गोड्या पाण्यातल्या माशांच्या १४,८९८ प्रजातींचं मूल्यमापन जाहीर केलं. त्यात ३,०८६ प्रजाती धोक्यात होत्या. अपुऱ्या माहितीच्या प्रजातींचा हिशेब धरता हे प्रमाण साधारण २५ टक्के. धोक्यातल्या प्रजातींपैकी किमान १७ टक्क्यांवर हवामानबदलाचा परिणाम दिसतो. प्रदूषण, धरणं, अतिमासेमारी हे आकडे त्याहून मोठे आहेत. पुढचं बघायचं तर नद्यांतल्या सुमारे ११,५०० प्रजातींवरच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, तापमानवाढ ३.२ अंशांवर गेली तर ३६ टक्के प्रजातींच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रात आजवर न सोसलेली परिस्थिती येईल. वाढ १.५ अंशांवर थांबली तर हेच प्रमाण ४ टक्के राहील. या दोन आकड्यांमधलं अंतर बघा.

धरणाचं पाणी तर गार असतं. मग धरणं उपयोगी नाहीत का?

धरणाच्या कुठल्या दारातून पाणी सोडलं, त्यावर सगळं आहे. वरून सोडलं तर उन्हात तापलेलं पाणी नदीला मिळतं. तळातून सोडलं तर इतकं गार मिळतं, की ऊबदार पाण्यातले मासे वीणच करत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात धरणांखालच्या लांबलचक पट्ट्यांत मरे कॉडसारख्या देशी माशांना याच गारठ्याने ग्रासलं आहे, आणि तिथे त्याला सरळ थंड पाण्याचं प्रदूषण म्हणतात. शास्ता धरणावर १९९७ मध्ये वेगवेगळ्या खोलीचं पाणी निवडून सोडता येईल अशी यंत्रणा बसवली गेली. यंत्रणा चांगली आहे, पण साठ्यात गार पाणी शिल्लक असेल तोवरच.

मग करता येण्यासारखं काय आहे?

काठावरची झाडं सर्वांत आधी. छोट्या ओढ्यात सावलीचा परिणाम फार मोठा असतो, कारण पाणी तापतं ते मुख्यतः थेट उन्हाने. एक गोष्ट लक्षात ठेवा : सावली पाण्याला तापू देत नाही, तापलेल्याला फारसं गार करत नाही. म्हणून लागवड वरच्या अंगापासून सुरू करावी. रुंद नदीवर झाडांचा उपयोग कमीच, तिथे प्रवाह महत्त्वाचा. उन्हाळ्यात पुरेसं पाणी वाहतं ठेवलं तर ते खोल राहतं, वेगाने पुढे जातं आणि तापायला त्याला वेळ कमी मिळतो.

झऱ्यांचा उपसा आवरणं, निकामी बंधारे काढणं, सरळ केलेल्या ओढ्याला पुन्हा वळणं देणं, हे सगळं त्याच यादीतलं. वीजकेंद्रांवर नियम असतातच. फ्रान्समध्ये २००३ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्होन आणि गारोन नद्या तापल्याने अणुवीज केंद्रांना उत्पादन कमी करावं लागलं. पण विजेची टंचाई होताच काही केंद्रांना तात्पुरती सूटही मिळाली. नियम कागदावर कडक आणि उन्हाळ्यात मऊ, हे सगळीकडचंच.

गळाने मासे धरणाऱ्यांसाठी : ट्राउट-सॅमनच्या पाण्यात तापमान २० अंशांच्या वर गेलं की गळ गुंडाळून ठेवावा. पकडून सोडून दिलेला मासाही अशा पाण्यात नंतर मरतो, कारण झटापटीत गेलेली ताकद भरून काढायला ऑक्सिजन नसतो. माँटानात अशा दिवसांत दुपारी २ ते मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवतात.

माझ्या तळ्यात मासे पाळले आहेत. उन्हाळ्यात काय काळजी घेऊ?

डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, पहाटे मोजा. दुपारी मोजलेला आकडा नेहमी गोड असतो आणि काही सांगत नाही. एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, वीज वाचवायला दिवसा चालवून रात्री बंद ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, ते बरोबर उलटं करतात. रात्री उशिरापासून सूर्य वर येईपर्यंत तो चालू हवा. कडक उन्हात खाद्य कमी करा. मासे खात नसतील तर ते तळाशी कुजतं, ऑक्सिजन खातं आणि अमोनिया वाढवतं. खत टाकणं थांबवा. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडायची असेल तर सकाळी, आणि पिशवी आधी तळ्यातच तरंगत ठेवून पाण्याचं तापमान जुळू द्या. मासे तोंड वर काढू लागले तर ताजं पाणी हळूहळू आत घ्या. खोल तळ्यात एअरेटर पहिल्यांदाच पूर्ण जोरात लावू नका, तळातलं वाईट पाणी एकदम वर येतं.

आमच्या ओढ्याचं तापमान आम्हाला मोजायचं आहे. कुठून सुरुवात करू?

तापमान आपोआप नोंदवणारं छोटं जलरोधक उपकरण घ्या, आणि त्यावर दर तासाला एक नोंद लावून ठेवा. आठवड्यातून एकदा जाऊन थर्मामीटर बुडवण्यात नेमकी तापाची दुपार हुकते. उपकरण भोकं पाडलेल्या पांढऱ्या पाइपमध्ये घालून दगडाला बांधा, नाहीतर ते पाण्याऐवजी उन्हाचं तापमान सांगतं. एक वाहत्या धारेत, एक डोहाच्या तळाशी, आणि जमलं तर एक झरा येऊन मिळतो तिथे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उपकरण उघडं पडणार नाही एवढ्या खोलीवर.

आणि नोंद मोडू देऊ नका. जपानमधल्या सुवा सरोवराकाठी शिंतो पुजाऱ्यांनी सरोवर कधी गोठलं याची नोंद १४४३ पासून ठेवली. फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरच्या टोर्ने नदीचा बर्फ कधी फुटला, हे १६९३ पासून लिहिलेलं आहे. त्यांच्यापुढे तापमानवाढीचा प्रश्नच नव्हता. तरी हिवाळे कसे आखडत गेले हे सांगायला आज शास्त्रज्ञ त्याच वह्या उघडतात. तुमच्या वहीत तारीख, वेळ, जागा, पाण्याची खोली आणि त्या दिवशी तिथे कुठले मासे दिसले, एवढं असू द्या.